एका नंबरावर दोन बाया

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुजराती मुलखात आम्ही पोटासाठी येऊन राहिलो त्या नवागामजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कम्प्युटर आला आणि पेशंटच्या जुन्या फायली पोत्यांत भरून माळ्यावर गेल्या. माझी आई तिथून ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण आपली गोळी ती रंगावरून ओळखायची. एकदा औषधांच्या खिडकीतून वेगळीच गोळी मिळाली, तेव्हा तिने आपल्या अहिराणीतच सांगितलं, “हाई मनी गोयी नही शे,” ही माझी गोळी नाही. खिडकीतल्या माणसाने छापलेली चिठ्ठी दाखवून गुजरातीत सुनावलं की कम्प्युटर चुकत नाही, माणसं चुकतात. रांगेतले लोक हसले. आई ओशाळून घरी आली आणि मुकाट्याने ती गोळी घ्यायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले होते. आई मोरीजवळ घामाने निथळत बसली होती, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि आधी तिला साखरपाणी पाजलं. गोळी मधुमेहाची होती.

मी तडक दवाखान्यात गेले. चिठ्ठीवर नाव आईचंच, वय मात्र दहा वर्षांनी जास्त. मग आईच्या गोळ्या कोणाला गेल्या, मी विचारलं. एका नावाच्या दोन बाया कम्प्युटरात एकाच नंबरावर चढल्या असतील, एन्ट्री सुधारतो, असं खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला. त्या दुसरीला कळवायला कोणी जाणार नव्हतं. पत्ता मीच उतरवून घेतला.

ती दिंडोलीच्या रस्त्याला राहत होती. मधुमेहाची गोळी न मिळाल्याने तिच्या पायाची जुनी जखम चिघळली होती. गोळी बदलली आहे हे तिनेही खिडकीत सांगितलं होतं, आणि तिलाही तेच ऐकवलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना त्या खिडकीसमोर उभं केलं आणि मोठे डॉक्टर खाली येईपर्यंत रांग सरकू दिली नाही. त्यांनी फायली माळ्यावरून काढायला लावल्या. यापुढे वय आणि नवऱ्याचं नाव विचारूनच औषध द्यायचं, असं बजावलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या लोकांत नावं फार सारखी असतात.”

आई माझा हात ओढत होती. मी म्हणाले, “साहेब, नाव सारखं होतं, पण दोघींनी तोंडाने सांगितलं होतं. ऐकलं कोणी?”

ते जिना चढून गेले.

त्या बाईच्या पायाचा अंगठा पुढे कापावा लागला. विचारपूस करायला दवाखान्यातून ना तिच्याकडे कोणी आलं, ना आमच्याकडे. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही.