शेजारच्या मागावरचा शांतवन

शांतवनाची गोष्ट सांगायची तर आधी माझीच लक्तरं वेशीवर टांगावी लागतात. टांगतो. इतकी वर्षं झाकून ठेवली, आता सत्तरी उलटल्यावर कुणाला भ्यायचं?

सोलापुरातल्या एका गिरणीत, कापड विणायच्या खात्यात, माझे दोन माग होते आणि त्यांना लागून शांतवनाचे दोन. सात वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहिलो. उंच, हडकुळा माणूस. ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की हा आधी डोळे मिटून हात जोडायचा. मग आम्ही सोडतोय होय!

"काय बे शांत्या, भाकरी थापली तुझ्या बायकोनं, आणि आभार वरच्याचे?"

"तिचे सकाळीच मानले की," म्हणायचा आणि शेंगाचटणी सगळ्यांपुढं धरायचा. कुणी बोट लावायचं नाही. बाटगा म्हणायचे त्याला, तेही तोंडावर. पाण्याचा पेलासुद्धा त्याचा वेगळा. तो वेगळा ठेवायची अक्कल कुणाची? माझी.

धुळाप्पा नावाचा एक कामगार तर त्याच्या हात धुऊन मागं लागला होता. एकदा त्यानं शांतवनाचं प्रार्थनेचं पुस्तक कचऱ्याच्या कापसात लपवलं. पुढं त्याच धुळाप्पाच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, रक्त पाहिजे म्हणून निरोप आला. सख्खे भाऊ दवाखान्याच्या दारातनं पसार झाले. रक्त दिलं शांतवनानं. धुळाप्पा बरा होऊन आला आणि माझ्या कानाला लागला, "भीमण्णा, मी आता बाटलो काय रं?" आम्ही पोट धरधरून हसलो. शांतवनाला चांगलं म्हणायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

त्याची एकच अडचण होती. खोटं बोलायचा नाही. एकदा कुणीतरी बॉबिनांची पेटी फोडली. जॉबरनं, म्हणजे आमच्यावरच्या मुकादमानं, शांतवनाला धरलं. हा म्हणाला, "मी न्हाय फोडली. कुणी फोडली ते मला ठावं हाय, पण ते मी सांगणार न्हाय. त्यालाच इचारा." जॉबरनं त्याला तासभर उभं केलं, तरी हा ढिम्म. पेटी मीच फोडली होती.

चौऱ्याहत्तर साल असेल. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वज निघतात, आभाळाला टेकणाऱ्या काठ्या. माझा बाप काठी पेलायचा. त्या वर्षी पहिल्यांदा मला मान मिळणार होता. पण महिनाभर आधीपासून सराव असतो, दिवेलागणीला, आणि माझी होती दुपारपाळी. रजा कोण देतंय? मी शांतवनाला गाठलं.

"दोन तास माझे माग बघतोस का? रोज."

"बघतो की. तुझ्या देवाचं काम हाय, जा. पर कुणी इचारलं तर खोटं सांगणार न्हाय, आदीच बोलतो."

"कोण विचारतंय बे!"

अकरा दिवस त्यानं चार माग एकट्यानं सांभाळले. चार माग म्हणजे नुसती पळापळ. घामानं निथळायचा, पण हूं की चूं केलं नाही.

बाराव्या दिवशी मी सरावाहून परतलो तर फाटकात धुळाप्पा. "तुझ्या मागावर धोटा अडकला. ताण्याचे शेकड्यानं धागे तुटले. खात्याच्या मास्तरनं शांतवनाला खोलीत घेतलंय, लिहून घेतोय."

पाळी सोडून बाहेर गेलो म्हटल्यावर नोकरी गेलीच. घरी तीन लेकरं, म्हातारी आई. आणि आत बसलाय कोण, तर खोटं न बोलणारा! यानं मला बुडवलंच म्हणून समजा. म्हणजे त्याचं कुणी खरं धरायच्या आत मी त्याला बुडवायला पाहिजे. देवाशपथ सांगतो, एवढाच विचार आला.

शांतवन बाहेर पडून मागांकडं गेला तसा मी मास्तरच्या खोलीत शिरलो. म्हणालो, "साहेब, मी परसाकडं गेलो होतो. पाच मिनिटं बघ म्हणालो त्याला. त्यानं डाव साधला. त्याच्या धर्मात ये म्हणून माझ्या मागं लागलाय, मी ऐकत नाही म्हणून मुद्दाम माग मोडला." लिहून दिलं. सही ठोकली.

मास्तरनं कागद घेतला आणि दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला. शांतवनाचा. दोनच ओळी. 'माग माझ्या ताब्यात होते. चूक माझी आहे.'

"तू कुठं होतास विचारलं," मास्तर म्हणाला, "तर म्हणतो, त्यालाच विचारा." मग त्यानं चष्मा काढला. "भीमाशंकर, तू लिहिलंयस ते खरं असलं तर मला त्याला काढावं लागेल. खरं आहे ना?"

माझा कागद त्याच्या हातात होता. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मास्तर थांबला होता माझ्यासाठी.

"खरं आहे, साहेब," मी म्हणालो.

आठ दिवसांत शांतवनाला काढलं. संक्रांतीला मी काठी पेलली. बायाबापड्या पाया पडल्या, आणि मी पडू दिलं. थू माझ्या जिनगानीवर!

उन्हाळ्याच्या तोंडाला तो माझ्या घरी आला. सात वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. कुर्डुवाडीला मेव्हण्याकडं चाललो म्हणाला, काम मिळंल तिकडं.

"वैनी, माझ्यावर कुणीतरी खोटं घातलं," तो बायकोला सांगत होता. "साहेबानं नाव न्हाय सांगितलं."

"जीभ झडो मेल्याची!" बायको कडाडली. "लेकराबाळांच्या तोंडचा घास काढला!"

"आसं नगा म्हणू, वैनी." मग तो माझ्याकडं वळला. "भीमण्णा, मला लई राग आला होता. महिनाभर प्रार्थनेला बसलो की तोंडातनं शबूद फुटंना. आता गेला राग. तू गिरणीत हायस, आज ना उद्या तुला कळंल कोण ते. कळलं की त्याला एवढं सांग, शांतवनाच्या मनात काय न्हाय म्हणावं. बिचाऱ्याला झोप लागत नसंल."

बायको माझ्याकडं बघत होती. तोही बघत होता.

"बरं," मी म्हणालो. "सांगतो."