समुद्राचं पाणी आम्ही गाळलं

आमच्या घरात पाणी न गाळता वापरत नाहीत, एवढी एक गोष्ट सोडली तर त्या माशाला मारायचा आमचा काहीही इरादा नव्हता.

मासा जावयाचा. लेकीचं लग्न होऊन चार महिने झालेले. दोघं दहा दिवस केरळला निघाली, तेव्हा जावई धुळ्याहून गाडीत हातभर लांबीची काचेची टाकी, सच्छिद्र दगड आणि दोन बादल्या समुद्राचं पाणी घेऊन जळगावला आमच्या दारात हजर! मासा अंगठ्याएवढा. पण रंग असे, की तीस वर्षं कापडाचं दुकान चालवून मी तसं निळं-नारिंगी काठ-पदराचं काम पाहिलं नव्हतं.

"पप्पा, हा जेवणाच्या बाबतीत फार लाडोबा. दुकानातलं खाणं तोंडात घेत नाही. पण तुम्ही काही घालूच नका. दगडांवरचं वेचून तो आपलं आपण खातो."

"शेवाळ खात असणार," मी सौ.ला सांगितलं. "म्हणजे आपल्यातलाच!" (आम्ही जैन. तीन पिढ्यांत घरात अंडं आलेलं नाही.)

अडचण निघाली ती अक्काकडून. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडेच असते, आणि घर तिच्याच शब्दावर चालतं.

"पर्युषण तोंडावर आलंय, आणि घरात एवढं अनगळ, न गाळलेलं पाणी?"

"अक्का, ते प्यायचं नाहीये."

"मासा पितो ना?"

यावर तुम्हाला उत्तर सुचत असेल तर कळवा. रोज सकाळी तांब्या-तांब्यानं टाकीतलं पाणी काढायचं, दुहेरी कापडातून गाळायचं आणि परत ओतायचं, असं सुरू झालं. दगडसुद्धा त्याच पाण्यात खळबळून घेतले. कापडावर धुळीएवढे पांढरे ठिपके राहिले. चष्मा लावून पाहिलं, तर ठिपके चालत होते!

"बघ! केवढे जीव!" अक्का गहिवरली.

गाळून राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात सोडायचे, ही आमची रीत. मी ते टाकीत सोडायला निघालो, तर अक्कानं हात धरला. "टाकी म्हणजे घागर. घागरीत सोडतात का कोणी? विहिरीत सोडतात."

यांची विहीर म्हणजे समुद्र! तोवर जीव पितळी कळशीत, टाकीतल्याच वाटीभर खाऱ्या पाण्यात ठेवले.

चौथ्या दिवशी सौ. टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, याचं पोट आत गेलंय."

खरंच गेलं होतं. मासा दगडापाशी जायचा, निरखून बघायचा आणि रिकाम्या तोंडानं पुढच्या दगडाकडे वळायचा. "उपास धरला असेल," अक्का म्हणाली. माझा मात्र जीव टांगणीला. जावयाची पहिलीच अमानत, आणि ती आपल्या घरात गेली तर लेकीला काय तोंड दाखवू? दुकानातून दर तासाला फोन करायचो, "आहे ना?" गिऱ्हाईक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचं, की जणू घरात कोणी अत्यवस्थ असावं. मासा वाचू दे म्हणून पुण्य जोडावं, एवढंच मला सुचलं. सुरतेला माल बघायला जायचंच होतं. कळशी मांडीवर घेऊन गाडीत बसलो.

कळशीचं तोंड पांढऱ्या कापडानं बांधलेलं. अमळनेरला एक आबा चढले. कळशीकडे बघून त्यांनी टोपी काढली.

"कोन गयं, भाऊ?"

"कोनी नही, आबा. बठ्ठा जित्ता शेतस!"

कळशीतले सगळे जिवंत आहेत हे ऐकून आबा उठले ते थेट दुसऱ्या डब्यात गेले.

सुरतेहून रिक्षा करून समुद्र गाठला. गुडघाभर पाण्यात उभं राहून, नवकार मंत्र म्हणत, एकेक जीव सुखरूप सोडला. इतकं प्रसन्न वाटलं की रिकाम्या कळशीसकट स्वतःचा फोटो काढून जावयाला पाठवला. सगळी हकीकतही लिहिली. मिनिटात फोन!

"पप्पा, ते सगळे सोडलेत?"

"एकूण एक!"

पलीकडून हळूच, "पप्पा... तो तेच खातो."

इतके दिवस आम्ही तिघं मिळून त्याच्या पुढ्यातलं ताट ओढत होतो, आणि ते ताट घेऊन मी अर्धा दिवस प्रवास करून आलो होतो! जावई बिचारा एका शब्दानं रागावला नाही, हे जास्त लागलं. त्यानं सुरतेतल्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे तेच जीव बाटलीत भरून विकतात. मी, पर्युषणाच्या आदल्या दिवशी, जिवंत जीव विकत घेतले.

सकाळी घरी पोचलो. अक्का माळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सौ.नं डोळे मिटले. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत, त्या जिवांची क्षमा मागून मी बाटली ओतली.

क्षणभर काहीच नाही. मग मासा वळला. टोच. टोच. टोच!

"खाल्लं का रे?" अक्कानं भिंतीलाच विचारलं.

"खाल्लं, अक्का!" माझे डोळे भरून आले. हात जोडून टाकीपुढे उभा राहिलो. ज्यांना स्वतःच्या हातानं मृत्यूच्या तोंडी दिलं, त्या इवल्या जिवांसाठी निदान दोन मिनिटं तरी खरा पश्चात्ताप करावा म्हणून मन एकाग्र केलं. आणि अगदी खरं सांगतो, मनात एवढंच आलं: दोन बाटल्या आणायला हव्या होत्या.