ताटात थापलेला गाजर हलवा

नव्व्याण्णव साली आमच्या ह्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि आम्ही गाव सोडून मांडवीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. लेक तेव्हा चौथीत. गावात तिच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा, की तिची आजी म्हणायची, "हिच्या जिभेला जरा विसावा द्या गो कुणीतरी!" पण नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ती बाईंना काहीतरी सांगायला उभी राहिली नि तिचा गावाकडचा हेल ऐकून अख्खा वर्ग हसला. झालं, त्या दिवसापासून तिने शाळेत तोंड मिटलंन. दिवाळी होऊन गेली तरी बाई म्हणायच्या, "हुशार आहे हो, पण बोलतच नाही." माझ्या जिवाला घोर लागला. बोलका पोपट मुका झाला की घरात बरं वाटतं का?

जानेवारीत तिचा वाढदिवस. वर्गातल्या मुलींना घरी बोलव, असं मीच तिच्या मागे लागले. त्यांनी विचारलंनी, "खायला काय?" तर ही बया दोनच शब्द बोलली, "गाजर हलवा." कुठल्याशा लग्नात खाल्ला होतान एकदा, तेवढ्यावर! मी जन्मात केलेला नव्हता. आमच्याकडे गोडधोड म्हणजे नारळ नि गूळ, गाजर गेलं तर कोशिंबिरीत. पण लेक कित्येक महिन्यांनी वर्गात काहीतरी बोलली होती, तिचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?

घाटावरून आलेली लालभडक गाजरं आणली. शेजारणीला रीत विचारली. किसता किसता बोटं सोलवटली. कीस तुपावर परतायला टाकला आणि एकीकडे दूध तापत ठेवलं. थोड्या वेळाने बघत्ये तर दुधाच्या गुठळ्या! आदल्या दिवशी त्याच पातेल्यात कोकमाचं आंबट आगळ काढलं होतं नि मी घाईत नुसतं विसळून घेतलेलं. अशी चिडले स्वतःवर! हे डोकावून म्हणाले, "पनीर म्हणून खपव की." म्हटलं, "विनोद पुरे, आधी दुधाची पिशवी आणा." गेले तसे हात हलवत परत आले. दुकानातलं दूध संपलेलं, नवं घेऊन येणारी गाडी संध्याकाळी.

मुली तर चारला येणार. मग म्हटलं, शिंचं ते दूध गेलं खड्ड्यात! नारळ फोडला, खवला, वाटला, दाट रस पिळून किसात ओतला. साखर, वेलची घालून ढवळत बसले. वास असा सुटला की हे दोनदा चमचा घेऊन आले. मिश्रणाचा गोळा जमला, कडेने सुटायला लागला आणि माझ्या हातांनी मला न विचारताच ताटाला तूप लावलं, गोळा त्यात ओतला, वाटीने थापला आणि सुरीने चौकोन पाडले. आयुष्यभर नारळाच्या वड्या केलेले हात ते, त्यांना दुसरं काय सुचणार? वड्या पाडून झाल्यावर मला आठवलं, हा हलवा होता.

मुली आल्या. औक्षण झालं. बशा पुढे ठेवल्या. त्यातली एक, पुण्याहून आलेल्या साहेबांची मुलगी, वडीकडे बघून म्हणाली, "काकू, गाजर हलवा असा नसतो. तो वाटीत असतो, चमच्याने खातात." बाकीच्या फिदीफिदी हसल्या. लेकीने मान खाली घातलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुणी पोर असली म्हणून काय झालं, चांगली सुनावणारच होते. तेवढ्यात लेक ताडकन उठली.

"असा नसतो म्हंजे? तू खाल्लंस तरी का गो? माझ्या आईने सक्काळपासून किसलंन, बोटं सोलली तरी किसलंन, दूध नासलं तर नारळ खवलान, नि तू नुसती बघून नाक मुरडत्येस? आधी खा, मग बोल! नसेल खायचं तर ठेव, मी खात्ये!"

सगळं आमच्या गावच्या हेलात, कमरेवर हात ठेवून, हुबेहूब माझ्यासारखं. पुणेकरणीने भीतभीत वडी तोंडात घातली. चावली. मग दुसरी उचललीन नि म्हणाली, "बाई गं, काय झ्याक भांडतेस तू! मला पण शिकव." अशा हसल्या सगळ्या! आणि ह्या खेपेला माझी लेकही हसत होती. मग तिने गावच्या वांदरांच्या गोष्टी सुरू केल्या त्या ताट रिकामं होईपर्यंत थांबल्याच नाहीत. मी स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत उभी. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीसुद्धा झाला नसेल.

पुढच्याच महिन्यात बाईंनी शाळेत बोलावून घेतलं. चांगल्याच वैतागलेल्या होत्या. "अहो, तुमची मुलगी तास चालू असताना सारखी बोलते. शेजारणीशी, मागचीशी, पुढचीशी. जागा बदलून झाली, तरी तेच."

"खरंच?" मी म्हटलं. "सारखी बोलते?"

"सारखी!"

"अगो बाई!" मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मी तक्रार करतेय."