वैशालीचा बिबट्या धरायचा की नाही?

जंगलात जाऊन आलेल्या माणसाचे फोटो हार्डडिस्कवर पडून राहतात. किस्से मात्र दर शनिवारी जेवायला येतात! आमच्या हॉलंडातल्या, आइंडहोवनच्या घरात वरण-भात संपून ताक आलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ते हत्तीचं सांग ना," आणि मग रात्रीची भांडी तशीच पडून राहतात.

त्या किश्श्यांतली माणसं चार. मी मेघना, माझा नवरा प्रसाद, आणि पलीकडच्या गल्लीतले मिलिंद आणि वैशाली. दोघेही नवरे चिप बनवायच्या मशिन्सवर काम करणारे. त्यातून मिलिंद टेस्टिंगवाला. टेस्टिंगवाल्या माणसाला पुराव्याशिवाय काही पटत नाही. सकाळी बायकोने "पाऊस पडतोय" म्हटलं, तरी हा खिडकीतून हात बाहेर काढून बघणार.

आफ्रिकेच्या पहिल्या ट्रिपला निघालो, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नुकतंच सगळ्यांच्या फोनवर आलं होतं. मिलिंदने आमचा ग्रुप काढला आणि पहिलाच मेसेज टाकला: "किमान दोघांनी बघितलं, तरच यादीत धरायचं. एकट्याने बघितलेला प्राणी बाद."

आम्ही होकाराचे अंगठे पाठवले. तिथेच चुकलं.

*

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या जंगलात तुम्ही स्वतः गाडी चालवू शकता. गाइड नको, जीप नको. भाड्याची गाडी घ्यायची, नकाशा मांडीवर ठेवायचा आणि निघायचं. फक्त गाडीतून खाली उतरायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी एका ओढ्याजवळ आम्ही गाडीतच चहाला थांबलो. मिलिंद थर्मासमधून कपात चहा ओतत होता. प्रसाद आणि मी दुसऱ्या बाजूचे झेब्रे मोजत होतो. एवढ्यात वैशाली दबक्या आवाजात किंचाळली, "बिबट्या! बिबट्या!"

आम्ही वळेपर्यंत तिकडे फक्त खडक आणि गवत.

"दगड असेल," मिलिंद कपावरची नजरसुद्धा न काढता म्हणाला.

"अरे, शेपूट हलली त्याची!"

"वारा असेल."

"वाऱ्याला ठिपके असतात का रे?"

"दुसऱ्या कुणी बघितला? नाही ना? मग बाद."

वैशालीने तो चहा घेतलाच नाही. मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी, कारण लहानपणापासून तिला बिबट्या बघायचा होता, आणि दिसला तर नवऱ्याने त्याचा दगड केला! त्या दिवसापासून तिचं म्हणणं एकच: मिलिंदने चारचौघांत म्हणावं, की हो, तो बिबट्या होता. आणि मिलिंद? तो काय म्हणतोय!

*

आता हत्तीचं. माझ्या नवऱ्याने डच लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटी खाल्लेली. दोन्ही वेळा कारण एकच, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दिलं नाही. तिसऱ्यांदा पास झाला तो हा नियम इतका घोटून, की स्वप्नातसुद्धा उजवीकडे बघतो.

क्रूगरच्या एका छोट्या चौकात उजवीकडून हत्ती आला. प्रसादने आदबीने गाडी थांबवली. हत्ती आरामात गेला. आम्ही म्हटलं, वा! मग डावीकडून दुसरा हत्ती आला, पहिल्याच्या दुप्पट. आणि प्रसादने गाडी पुढे काढली!

"अरे, थांब! थांब!" आम्ही तिघं ओरडलो.

"का? डावीकडून आलाय. आधी आपण!"

हत्तीने कान पसरले. प्रसादने रिव्हर्स टाकला आणि घाबरून इंडिकेटरऐवजी वायपर लावले. रणरणत्या उन्हात काचेवर वायपर खर्रखर्र फिरतायत, गाडी उलटी पळतेय आणि मागून वैशाली म्हणतेय, "परीक्षकाला फोन लावा रे कुणीतरी!"

*

दोन ट्रिपांच्या मध्ये आम्ही हॉलंडात सराव करायचो. म्हणजे मिलिंद करायचा आणि आम्हाला फरपटत न्यायचा. एका रविवारी म्हणाला, "चला, हूक फान हॉलंडला. अख्ख्या देशात फक्त तिथेच दिसणारा दुर्मिळ पक्षी आहे. डच लोक लांबलांबून येतात."

समुद्राचा वारा असा, की कान गळून पडतील. तिथे पाच-सहा डच पक्षीप्रेमी, प्रत्येकाची लेन्स माझ्या हाताएवढी. सगळे श्वास रोखून एका खांबाकडे बघतायत. आम्हीही बघितलं.

कावळा!

आपला साधा, राखाडी मानेचा, पुण्याच्या कुठल्याही गच्चीवरचा कावळा! कुठल्यातरी जहाजावरून आला म्हणे आणि इथेच संसार थाटून बसला.

वैशालीने शांतपणे डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि पुढे टाकला. "काव, काव!" कावळा तडक खाली. सगळे कॅमेरे खटाखटा वाजले. एका उंच डच गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारलं, याला नक्की काय आवडतं?

"पितृपक्षात वरण-भात," वैशाली इंग्रजीत म्हणाली. "वर तूप. पण आमच्या सासऱ्यांची आवड कळली नाही, तर शिवत नाही."

गृहस्थांनी गंभीरपणे मान हलवली. मिलिंदने मात्र हा पक्षी लगेच धरला. "बघा, चौघांनी बघितला!"

"कावळा धरतोस, आणि माझा बिबट्या धरत नाहीस!" वैशाली म्हणाली.



*

मिलिंदने नवीन दुर्बीण घेतली, तेव्हाची गोष्ट. डच घरांना मोठ्या खिडक्या आणि पडदे सताड उघडे, हे माहीतच आहे तुम्हाला. साहेब खिडकीत उभे राहून समोरच्या झाडावरचा सुतारपक्षी बघत होते. झाडाच्या मागे एका डच आजींचा हॉल.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात आजी.

"मला बघायचं असेल, तर मंगळवारी साडेदहाला या. कॉफी असते," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मिलिंद लाजेने अर्धा झाला. वैशालीने बेसनाचे लाडू देऊन त्याला मंगळवारी बरोबर साडेदहाला धाडलं. आजींनी कॉफी दिली, दुर्बीण मागून घेतली आणि खिडकीतून मिलिंदच्या घराकडे रोखली.

"तुम्ही कधी भांडी घासत नाही," त्या म्हणाल्या. "मी कधीपासून बघतेय."

*

दुसऱ्या ट्रिपला मिलिंदचं पोट बिघडलं, म्हणून तो एक दिवस कॅम्पवर राहिला. आम्ही तिघं निघालो. वाटेत वैशालीच्या हातून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सीटवर पालथा झाला. भाड्याची गाडी! आम्ही कडेला थांबलो आणि वाकून वाकून चटणी टिपायला लागलो.

जंगलात थांबलेली गाडी म्हणजे काहीतरी दिसलंय, असा सगळ्यांचा समज. मान वर केली तर मागे गाड्यांची रांग! एका जर्मन आजोबांनी काच खाली करून खुणेने विचारलं, काय आहे?

आता चटणी सांडलीय, हे खुणेने कसं सांगायचं, ते प्रसादला सुचेना. तो म्हणाला, "लेपर्ड. आत्ताच आत गेला."

आम्ही तिथून सटकलो. कॅम्पवर एक मोठा नकाशा असतो. ज्याला जो प्राणी दिसला, त्याने त्या जागी टाचणी लावायची. संध्याकाळी मिलिंद तिथून धावत आला. "अरे, तुमच्याच रस्त्यावर बिबट्या होता! तीन टाचण्या आहेत! एक बाई म्हणाली, पिवळा जर्द होता! तुम्हाला कसा दिसला नाही?"

प्रसादला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर मारत राहिले. दुसऱ्या दिवशी गेट उघडताच मिलिंद आम्हाला तिथे घेऊन गेला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही चटणीच्या जागी बसून राहिलो.

"तिघांनी बघितलाय, म्हणजे पक्का," तो सारखा म्हणत होता.

"हो, आणि माझा दगड!" वैशाली म्हणाली. हसू आणि राग एकदमच आला होता तिला.

*

आणि ही शेवटची ट्रिप. मिलिंद-वैशाली कायमचे पुण्याला परत निघाले होते. जायच्या आधी एकदा क्रूगर, असं ठरलं. तोपर्यंत आमच्यापैकी कुणालाच बिबट्या दिसला नव्हता. म्हणजे, वैशालीचा सोडून.

पूर्ण आठवडा गेला. सिंह दिसले, गेंडे दिसले, बिबट्या नाही. शेवटच्या सकाळी विमानतळाकडे निघालो. कॅमेरे बॅगेत, बॅगा डिकीत. मिलिंद गाडी चालवत होता, तोंड पाडून. शेजारी वैशाली. मागे आम्ही पेंगत होतो.

अचानक गाडी थांबली.

"बिबट्या!" मिलिंदने स्टिअरिंगवरचा हात उचलून बोट दाखवलं. "तो बघा! आडव्या फांदीवर! बिबट्या!"

मी बघितला. ठिपके, लोंबणारी शेपूट, फांदीखाली सोडलेला पाय, सगळं लख्ख! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशालीचा हात मागे आला आणि माझा गुडघा घट्ट दाबला. मी तोंड मिटलं.

"कुठे?" तिने दुर्बीण डोळ्यांना लावून विचारलं.

"समोर! त्या झाडावर!"

"दगड असेल."

"झाडावर दगड असतो का गं?"

"मग गाठ असेल फांदीची."

"अगं, शेपूट हलतेय!"

"वारा असेल."

मिलिंद मागे वळला. "मेघना! प्रसाद! तुम्ही तरी बघा!"

प्रसाद चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. "मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही रे." मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काय ते मलाही माहीत नव्हतं.

मिलिंदने मोबाइलवर फोटो काढला. फोटोत नुसतं झाड. कॅमेरा डिकीत, आणि खाली उतरायची बंदी. फांदीवर बिबट्या उठून उभा राहिला आणि त्याने पाठ ताणून आळस दिला. आता जाणार, हे आम्हाला चौघांनाही कळलं.

"वैशाली, प्लीज! एकट्याचा धरत नाहीत गं!"

"हो का?" वैशाली म्हणाली. दुर्बीण डोळ्यांवरच.

मिलिंदने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग मान वर करून म्हणाला, "बरं. तुझा बिबट्याच होता."

"कुठला?"

"पहिल्या ट्रिपचा. ओढ्याजवळचा."

"मागच्या दोघांना ऐकू गेलं नाही."

"बिबट्या होता!" मिलिंद ओरडला. "दगड नव्हता, वारा नव्हता, बिबट्याच होता! मी बघितलंच नव्हतं, मी चहा ओतत होतो!"

वैशालीने दुर्बीण खाली केली आणि त्याच्या हातात दिली.

"घे, ह्यातून बघ. मादी आहे," ती म्हणाली. "आणि डावीकडे, पानांच्या आड, तिचं पिल्लू पण आहे."