एकशेएकोणीस दिवसांचे सुर्वेकाका

सुर्वेकाकांना "गावी कधी जाताय?" असं विचारलं, की ते तारीख सांगत नसत, आकडा सांगत. "अजून त्रेचाळीस शिल्लक आहेत," किंवा "या वर्षीचे संपले, आता एक एप्रिलनंतर." एक एप्रिल ते एकतीस मार्च या वर्षात भारतात एकशेएकोणीस दिवसांपेक्षा एकही दिवस जास्त राहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. एकशेविसावा दिवस भारतात उजाडला, की आखातात कमावलेल्या सगळ्या पैशांवर भारतातला टॅक्स लागणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या इमारतीतली मराठी मंडळी त्यांना पाठीमागे 'एकशेएकोणीस' म्हणायची. माझी मुलगी तोंडावरच म्हणायची, "हाय, वन-नाइन्टीन अंकल!" त्यावर ते मनापासून हसत.

काका मूळचे खोपोलीचे. वेल्डिंग इन्स्पेक्टर. रुवैसच्या रिफायनरीत देखभालीसाठी प्लँट बंद ठेवतात, त्या काळात कंत्राटावर त्यांना बोलावणं यायचं. दोन महिने काम, मग महिनाभर काही नाही, मग पुन्हा दीड महिना काम. काम नसेल तेव्हा ते शारजात, आमच्या दोन मजले खाली, दोन मल्याळी अकाउंटंटांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत राहत. "नऊशे दिरहम, म्हणजे एकवीस-बावीस हजार झाले," असं भाडं सांगून लगेच पुढे म्हणत, "पण टॅक्सपेक्षा स्वस्त!"

दिवस मोजण्यात ते कमालीचे काटेकोर. विमान रात्री अकराला मुंबईत उतरलं तरी तो दिवस धरायचा, आणि पहाटे दोनला निघालं तरी तोही धरायचा. गणपतीला बारा, दिवाळीला पंधरा, मे महिन्यात चाळीस, अशी वाटणी आधीच झालेली असायची. थोडे दिवस हाताशी राखून ठेवायचे. धाकटे भाऊ गेले तेव्हा त्यातलेच वापरले. परत आल्यावर मी भेटायला गेले, तर म्हणाले, "चार लागले. तेराव्याला थांबलो नाही." आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी चहा घेतला आणि वर आले.

संध्याकाळी साडेसातला त्यांच्या खोलीचं दार बंद व्हायचं. तिकडे नऊ वाजलेले असायचे. पाण्याच्या जगला फोन टेकवून ते जेवायला बसत, आणि खोपोलीला शैलजाकाकू आपलं ताट घेऊन बसत. एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा दार उघडं राहिलं होतं. दोघं जेवत होती. कोणी काही बोलत नव्हतं. फोनमधून तिकडच्या टीव्हीचा आवाज येत होता आणि काका तो ऐकत भात कालवत होते.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते टाळून काकांची गोष्ट पुरी होत नाही. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. परदेशातून परत जाणाऱ्या लोकांचे गुंतवणुकीचे आणि टॅक्सचे प्रश्न सोडवणं हेच माझं दुबईतल्या ऑफिसातलं काम. रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून शारजाला पोचावं, तर लिफ्टमध्ये कोणीतरी उभंच असायचं, "ताई, एक मिनिटाचं काम होतं." त्या एका मिनिटाचा तास व्हायचा. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, इमारतीत कामाचं बोलायचं नाही. काकांनी हे ओळखलं होतं. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. आणि एकशेएकोणीस हाच आकडा कुठून आला, हे मीही त्यांना कधी विचारलं नाही.

अशाच एका वर्षी फेब्रुवारीत काकू स्कूटरवरून पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. ऑपरेशन झालं. काकांकडे तेव्हा नऊ दिवस उरले होते. ते गेले, नऊ दिवस राहिले, शेजारच्या बाईंना आणि एका मुलीला पैसे देऊन सोय लावली आणि परत आले. त्या वर्षी रुवैसची कामं लवकर संपली होती. इथे करण्यासारखं त्यांना काहीही नव्हतं. पूर्ण मार्च महिना ते खालिद लगून या खाडीच्या कडेला फेऱ्या मारत राहिले. ऑफिसातून येताना मला ते बाकावर बसलेले दिसत. एकदा मी गाडी थांबवून विचारलं, "काका, काकू कशा आहेत?"

"वॉकर घेऊन चालते आता."

"आणि तुम्ही इथे काय करताय?"

"दिवस घालवतोय," ते म्हणाले. "एक तारखेचं पहाटेचं तिकीट काढलंय. खलास, बावीस दिवस राहिले."

मागून कोणीतरी हॉर्न दिला आणि मी पुढे गेले.

काकांना एकसष्ट पूर्ण झाली त्या वर्षी मेडिकलमध्ये गुडघ्यांवर शेरा आला. उंचावर चढायचं बंद, म्हणजे काम बंद. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी ते आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. "ताई, आज गिऱ्हाईक म्हणून आलोय. तुमची फी सांगा. आयुष्यभर नीट राहिलो, तर जातानाही नीट जायचंय."

फी अर्थातच घेतली नाही. मी त्यांना एकेक गोष्ट समजावत गेले. कायमचं परत गेल्यावर भारतातली अनिवासी खाती साधी करून घ्यावी लागतात. डॉलरमध्ये घेतलेला फंड इथे असतानाच विकला तर सोपं. बाहेरचे पैसे परकी चलनातच ठेवायचे असतील तर तिकडे त्यासाठी वेगळं खातं मिळतं. परत गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बाहेरच्या उत्पन्नावर तिकडे टॅक्स नसतो. ती वर्षं संपली, की परदेशातलं प्रत्येक खातं रिटर्नमध्ये दाखवायचं, रिकामं असलं तरी. काका शाळकरी मुलासारखे लिहून घेत होते.

"ही सवलतीची वर्षं नक्की किती, ते काढायला तुमचे मागचे दिवस लागतील," मी म्हटलं.

त्यांनी अभिमानाने पिशवीतून छोट्या पॉकेट डायऱ्या काढल्या. मी पाहत गेले. जुन्या वर्षांत एकशेऐंशी, एकशेएक्याऐंशी असे आकडे होते. मग गेली पाच वर्षं ओळीने एकशेएकोणीस.

"काका, हे एकदम कमी का झाले?"

"नियम बदलला ना! एकशेब्याऐंशीचे एकशेवीस केले. रुवैसच्या मेसमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं."

"तुमचं भारतातलं उत्पन्न किती?"

"आमचं कसलं उत्पन्न? एक गाळा आहे, त्याचे महिन्याला बारा हजार येतात."

माझ्या ते लक्षात आलं आणि त्याच क्षणी तोंडातून निघूनही गेलं. आजही वाटतं, जरा थांबायला हवं होतं. "काका, तो नियम भारतात पंधरा लाखांच्या वर उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. तुम्हाला लागू नव्हता."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे मला एकशेएक्याऐंशी चालले असते?"

"हो."

"वर्षाला बासष्ट." त्यांनी वरच्या पाच डायऱ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तीनशेदहा." आणि डायऱ्या एकावर एक रचून पिशवीत भरू लागले. शेवटची डायरी आत जाईना, तशी त्यांनी पिशवी रिकामी केली आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतली. स्वयंपाकघरात माझा नवरा मिक्सर लावणार होता, तो तसाच थांबला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी कामाचंच बोलले. "काका, आता घाई करू नका. कायमचं परत जाताना एकशेएक्याऐंशी धरता येत नाहीत, साठच्या आत बसावं लागतं. इथेच थांबून वर्ष संपता संपता गेलात, तर हेही वर्ष बाहेरचंच धरलं जाईल. सवलतीचं एक वर्ष वाचेल."

"किती थांबायचं?"

"आठ-नऊ महिने."

"नको," काका म्हणाले. "पुढच्या आठवड्याचं तिकीट बघतो."

"पण एक वर्ष कमी मिळेल."

"मिळू दे कमी."

दाराशी गेल्यावर मी विचारलं, "काकूंना सांगणार?"

त्यांनी चपला घातल्या. "कशाला? पाय मोडला त्या वर्षी मार्चभर मी इथे नुसता बाकावर बसलो होतो हे तिला ठाऊक आहे. ते फुकट होतं, हे कशाला कळू द्यायचं?"

एअरपोर्टवर मीच सोडलं. सामान फक्त एक बॅग आणि वेल्डिंग मोजायचे गेज ठेवलेली पत्र्याची पेटी. आत जाताना म्हणाले, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं." ते खरंच होतं. पण त्याने मला बरं वाटलं नाही.

डिसेंबरात मी पुण्याला आले होते, तेव्हा वाट वाकडी करून खोपोलीला गेले. काका बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. मला पाहून आनंदाने उठले, चहाचं सांगायला आत गेले आणि परत येऊन म्हणाले, "येतोय चहा." साखर कुठल्या डब्यात असते, कचरेवाला किती वाजता येतो, गिझरचं बटण कोणतं, हे सगळं ते काकूंना विचारून करत होते. काकू न कंटाळता सांगत होत्या. दुपारी जेवताना त्यांनी काकांना आधी वाढलं, आग्रह केला, पापड तळून आणला. घरच्या माणसाला इतका आग्रह कोणी करत नाही.

निघताना काका आत आवळ्याचं लोणचं बांधत होते आणि काकू मला अंगणाच्या दारापर्यंत पोचवायला आल्या. एका पायाने अजून किंचित लंगडत होत्या. रिक्षा यायची होती. त्या अचानक म्हणाल्या, "तुम्ही त्यांना ते दिवसांचं सांगितलंत ना?"

मी रिक्षा येतेय का ते पाहू लागले.

"ते बोलले नाहीत. पण आल्यापासून त्यांनी दिवस मोजलेले नाहीत, त्यावरून ओळखलं." त्यांनी मागे वळून पाहिलं. "मला आधीच ठाऊक होतं. आमच्या गाळ्यात भाडेकरू बसतो ना, तो टॅक्सचीच कामं करतो. दुसऱ्या वर्षीच म्हणाला होता, साहेबांना सांगा, त्यांना हे लागू नाही."

"मग?"

"नाही सांगितलं." काकूंचा आवाज अगदी खाली आला. "वीस-बावीस वर्षं एकटीने काढली हो. आधी रडत काढली. मग सवय झाली. माझी शाळेतली नोकरी, माझी स्कूटर, नऊला जेवण. ते येणार म्हटलं की घर आवरायचं, आणि ते गेले की झोपायचं. आणखी दोन महिने राहतील म्हटलं, आणि मला झेपेलसं वाटेना. पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत राहिले."

"आणि पाय मोडला तेव्हा?"

"तेव्हा जिभेवर आलं होतं. टॅक्सी दारात उभी होती, ते बॅग उचलत होते आणि मी पलंगावर. थांबा म्हणावंसं वाटलं. पण म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला हे कधी कळलं? मग काय सांगणार होते मी?"

काका लोणच्याची बरणी घेऊन बाहेर आले. "काय गुप्त बोलणं चाललंय?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "यांच्या मुलीच्या शाळेचं विचारत होते."

रिक्षा आली. मी दोघांनाही वाकून नमस्कार केला आणि बसले. वळणावर रिक्षावाल्याने समोरच्या ट्रकसाठी गाडी थांबवली, तेव्हा मागे पाहिलं. काकू घरात शिरल्या होत्या. काका अंगणाचं दार लावत होते आणि त्यांच्याकडून कडी लागत नव्हती. दोनदा लावून पाहिली, जोर केला, मग ते तसेच उभे राहिले. काकू परत आल्या. त्यांनी दार हाताने जरासं वर उचललं आणि कडी सरकवली. मग दोघं आत गेली, आधी काकू, मागून काका.