बंद दालनातली कबुली

निवृत्तीनंतर लोक मला खुनाच्या तपासांबद्दल विचारतात. माझ्या मनातून मात्र एक संगणकाचा गुन्हा अजून जात नाही. त्यात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

कर्वेनगरमध्ये एक खासगी तपासणी केंद्र होतं. तिथे एका शिक्षिकेच्या मेंदूचा आलेख काढला होता. तिला लहानपणापासून फिट्स येत. तो अहवाल कुणीतरी तिच्या होणाऱ्या सासरी ई-मेलने पाठवला आणि ठरलेलं लग्न मोडलं. आमच्या संगणकात बाहेरून कुणी तरी शिरलं, अशी केंद्राच्या मालकांनी फिर्याद दिली.

इंटरनेट कंपनीकडून मिळालेल्या माहितीवरून आम्ही धायरीतल्या एका शेतकरी कुटुंबाच्या घरी पोहोचलो. मुलगा पंचविशीतला, आयटी कंपनीत नोकरीला, परदेशी जाण्याच्या तयारीत. पंचनामा करून संगणक जप्त केला.

चौकशीत तो पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "हो सर, शिरलो होतो. आजीचा रिपोर्ट ऑनलाइन बघताना लक्षात आलं, वरच्या लिंकमधला नंबर बदलला की कुणाचाही रिपोर्ट ओपन होतो. मी त्यांना मेल करून कळवलं."

"आणि त्या बाईंचा अहवाल?"

"तो मी पाठवला नाही."

तोच प्रश्न मी उलटसुलट विचारला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी तपशील वाढवतो. हा नुसताच थकत गेला.

मालक म्हणाले, असा कुठलाही मेल आम्हाला आला नाही. अहवाल पाठवला गेला तो केंद्राजवळच्या सायबर कॅफेतून. तिथल्या आणि केंद्रातल्या हार्ड डिस्क प्रयोगशाळेत गेल्या होत्या. उत्तर कधी येईल, याचा भरवसा नव्हता. आरोपपत्राची मुदत संपत आली तेव्हा हाती होतं त्यावर ते दाखल केलं. पुढील तपास चालू असल्याचं त्यात नमूद केलं.

आणि आरोपीच्या वकिलाने प्ली बार्गेनिंगचा अर्ज टाकला. गुन्हा आपणहून कबूल करायचा, दोन्ही बाजूंनी तडजोड करायची आणि सौम्य शिक्षेवर मोकळं व्हायचं. कायद्यात ही सोय तेव्हा नवीन होती.

मुलाचे वडील ठाण्यात आले. "सायेब, खटला कवा संपंल कुनाला ठावं? पोराचा पासपोर्ट अडकलाय. हो म्हनून सुटत आसंल तर सुटू द्या. तुमचं काय जातंय?"

सरकारी वकीलही म्हणाले, "शिक्षा लागतेय, साहेब. तुम्हाला आनंद होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा."

केंद्राचे मालकही खूश होते. खटलाच नाही, म्हणजे अहवाल उघडे का पडले होते हे त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी विचारणार नव्हतं. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. अशा निकालावर अपील नसतं. प्रयोगशाळेचं उत्तर नंतर आलं, तरी अहवाल पाठवल्याचा डाग त्या मुलाच्या नावावर कायम. आणि तपासी अधिकाऱ्याने आरोपीला 'कबुली देऊ नकोस' असं सांगायचं नसतं.

सुनावणीला ती शिक्षिका विश्रांतवाडीहून एकटीच आली. कॉरिडॉरमध्ये सरळ मुलासमोर उभी राहिली.

"अहो, तुम्ही मला ओळखत नाही. माझा रिपोर्ट तुम्हीच पाठवलात का? एवढंच सांगा. घरी येणाऱ्या प्रत्येक माणसावर संशय घेऊन मी दमले आहे."

"बाई, आता नगा इचारू," वडील मधे पडले.

इतक्यात पुकारा झाला.

कबुली स्वखुशीची आहे ना, हे न्यायाधीश आरोपीला एकट्याला दालनात विचारतात. आम्ही सगळे बाहेर. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याच आरोपीने गुन्हा नाकारावा म्हणून मी कधी देवाचा धावा केला नव्हता.

दार उघडलं. अर्ज फेटाळला होता. संगणकात शिरलो हे खरं, पण अहवाल मी पाठवला नाही आणि पाठवला असं म्हणणारही नाही, असं त्याने आत सांगितलं होतं. वडील बाकावर मटकन बसले. ती शिक्षिका मात्र मुलाकडे बघत राहिली.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. ज्या खात्यावरून मेल गेला, ते केंद्राच्याच काउंटरवरच्या संगणकावर उघडलेलं होतं. तिथल्या कर्मचारी बाईंना समोर बसवलं, तेव्हा त्या रडू लागल्या. शिक्षिकेचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, त्यानेच आधी त्यांच्या भाचीला नकार दिला होता. धायरीच्या मुलाचा सावध करणारा मेलही सापडला; मालकांनी तो पुसून टाकला होता.

त्या बाईही आरोपी झाल्या, तरी खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. शिक्षिकेला भर कोर्टात फिट्सबद्दल नको नको ते विचारलं गेलं. तिने आवाज न चढवता उत्तरं दिली. सावध करणाऱ्या त्या मेलमुळे मुलगा निर्दोष सुटला, पण परदेशाची संधी गेली ती गेलीच. वडिलांचं म्हणणं अगदीच चूक होतं, असं मी आजही म्हणू शकत नाही.

त्यानंतर माझ्यासमोर कुणी चटकन "कबूल आहे" म्हणालं, की मी लगेच जबाब लिहायला घेत नसे. आधी विचारायचो, "घरी कोण कोण असतं? त्यांचं काय म्हणणं आहे?"