विलायतेला अर्ध्या आण्याचे तिकीट

पेटीत पत्र टाकण्याआधी मास्तर एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे, आणि टाकल्यावर खिडकीशी येऊन मला विचारीत, "कोणी पाहिलं नाही ना?" आपल्याच सावलीला बिचकणारा असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मी तेव्हा कल्याणच्या पोस्टात कारकून होतो. मास्तर मराठी शाळेत शिकवीत. वर्गात आवाज खणखणीत, रस्त्यावर मात्र भिंतीच्या कडेने चालत. कारण गावाला ठाऊक होते. त्यांचा एकुलता एक मुलगा डॉक्टरी शिकायला विलायतेला गेला होता. समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्याला वाळीत टाकले. घरात धाकटी मुलगी लग्नाची, तेव्हा मास्तरांनी खाडीवर जाऊन, चारचौघांसमक्ष, जिवंत मुलाच्या नावाने घडा फोडला. आता संबंध उरला नाही, असे सांगून आले.

आणि दर महिन्याला पेटीतून त्याच मुलाच्या नावाचे पत्र निघे. वर अर्ध्या आण्याचे निळे तिकीट. तेवढ्या पैशांत पत्र पुण्याला पोचले असते. विलायतेचे तिकीट खिडकीवर मागावे लागे, आणि खिडकीवर माणसे असत.

एका दुपारी कोणी नाही असे पाहून मी म्हणालो, "मास्तर, तिकीट कमी पडतं."

"हळू बोला." त्यांनी मागे पाहिले. "मग पत्रं जात नाहीत?"

"जातात. पण बाकीचं दंडासकट घेणाऱ्याला भरावं लागतं. त्यानं नाही भरलं तर पत्र परत येतं."

ते बाकावर बसले. उत्तर धाडू नकोस, असे त्यांनी मुलाला पहिल्याच पत्रात बजावले होते. टपालवाला विलायती पत्र घेऊन दारात उभा राहिला तर काय, ही धास्ती. दोन वर्षे मुलाची खबर नव्हती.

"एकही परत आलं नाही?"

"नाही."

"म्हणजे घेतो तो," मास्तर म्हणाले. "दंड भरून घेतो."

पुढे ते शाळेच्या कागदांत लपवून पत्र माझ्या हाती देऊ लागले. पुरी तिकिटे मी लावी. पण एक भीती गेली तशी दुसरी आली. आता ते रोज येऊन विचारीत, "परत नाही ना आलं काही?"

एक दिवस आले. घेणारा पत्त्यावर नाही, असा शेरा होता. टपालवाल्याकडे न देता मीच ते शाळेत नेले.

"पत्त्यावर नाही म्हणजे काय हो?"

मी शेरा पुन्हा वाचून दाखवला.

"तिकडे थंडी फार असते म्हणतात," एवढेच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. खिडकीवर गर्दी, त्यात मुलीचे होणारे सासरेही. मास्तर सरळ पुढे आले. शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

"विलायतेला पत्र धाडायचंय. कॉलेजला. माझा मुलगा सापडत नाही."

मी तिकिटे दिली. ती चिकटवताना त्यांच्या हातून एक फाटले. मी दुसरे दिले.

आठवड्यात सोयरीक मोडली. त्यांच्या घरचे पाणी लोकांनी बंद केले. वर्गातून मुले काढली. ज्या ज्या गोष्टीला ते भ्याले होते ती ती घडली. मीही त्यांच्या घरी गेलो नाही. मलाही भय होते, हे कबूल करतो.

तिसऱ्या महिन्यात उत्तर आले, मुलाच्या हातचे. दीर्घ दुखण्यात इस्पितळात पडून होता. मास्तरांनी ते खिडकीशीच उभ्याने वाचले.

"अक्षर वाकडं येतंय," ते मला म्हणाले, "पण त्याचंच आहे."

त्याच वर्षी बिऱ्हाड हलवून ते कल्याणातून गेले. कुठे, ते मला कळले नाही. उत्तर आले त्या दिवशीचे मात्र डोळ्यांपुढे आहे: पत्र उघडे धरून ते बाजाराच्या मधोमध चाललेले, आणि अंगाला अंग लागू नये म्हणून माणसे दोन्ही बाजूंना सरत गेलेली.